कपाळाचं तेवढं बघ

20 जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "लग्नाला चार दिवस आधीच ये, पण येताना कपाळाचं तेवढं बघ." मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही, कारण ते "बघते" खरं नव्हतं. फोनवर आई रडायला लागली की माझं पुढचं सगळं बोलायचं राहून जातं, म्हणून लिहायला बसले.

आधी सांगायचं ते सांगून टाकते. संक्रांतीपासून मी टिकली लावतेय. हातात काचेच्या बांगड्या आहेत, मोरपिशी. दादाच्या लेकीच्या लग्नाला मी अशीच येणार आहे. आणि 26 जानेवारीच्या ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव मी मांडतेय. महिला ग्रामसभेत तो मंजूर झालाय. सूचक म्हणून माझं नाव आहे आणि अनुमोदक म्हणून सासूबाईंचं.

हो आई, सासूबाईंचंच. त्या स्वतः काही लावणार नाहीत. म्हणाल्या, "मला आता बावीस वर्षांची सवय झाली, माझं कपाळ मोकळंच बरं. पण तुझ्या वयाच्या पोरीला कुणी हात लावता कामा नये." त्यांच्या बोलण्यावरूनच आम्ही ठरावात एक ओळ घातली, की कुणावरही कसलीच सक्ती नाही. जिला लावायचं तिनं लावावं, जिला नको तिला कुणी विचारू नये.

बाबा, तुम्ही पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचता, तेव्हा हेरवाडचं तुम्हाला माहीत असणार. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे 2022 मध्ये, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या वर्षात, त्यांच्या ग्रामसभेनं ठरवलं की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात ग्रामविकास खात्यानं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. आमच्याकडे ते फायलीत लागलं आणि तिथंच राहिलं. हे गेले ते त्यानंतर दीड वर्षानं. फायलीतला तो कागद हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा आईची आठवण झाली.

त्या दिवसाबद्दल मी तुम्हा दोघांना कधी काही बोलले नाही, आणि आज बोलतेय ती दोष द्यायला नव्हे, हे आधी लक्षात घ्या. आई, तू भिंतीकडे तोंड करून बसली होतीस. पण तुझा हात माझ्या पाठीवर होता, तो एकदाही उचलला नाहीस. दगड दुसऱ्याच बायकांच्या हातात होता. डाव्या मनगटावर काच लागली होती, त्याची बारीक पांढरी रेघ अजून आहे. दुखत नाही. बाबा, तुम्ही अंगणात चपला घालून उभे होतात, आत्ता निघायचंय असे, आणि तास दीड तास तसेच उभे राहिलात. तेव्हा तुम्ही काय बोलायला हवं होतं, हे मला आजही नेमकं सांगता येणार नाही. सगळं गाव एका बाजूला असताना लेकीच्या सासरच्या अंगणात बापानं तोंड उघडायचं कसं?

म्हणून तर ठराव. तो असता तर आईला भिंतीकडे बघत बसावं लागलं नसतं. "गावानं ठरवलंय, असं करायचं नाही" एवढं एक वाक्य तिला पुरलं असतं. दगड हातात घेणाऱ्या बायकांनाही पुरलं असतं. त्यातल्या दोघी महिला सभेत माझ्याजवळ येऊन रडल्या. एक म्हणाली, "नको वाटत होतं गं, पण नाही म्हणायचं कसं?" ठरावानं कुणाला शिक्षा होत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ज्याला हात आवरायचा आहे त्याला कारण तरी मिळतं.

बाबा, सातवीत तुम्हीच आम्हाला सांगितलं होतं, ज्योतिरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या नाभिकांना एकत्र आणलं आणि त्यांनी ठरवलं, विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. शाळेत तुम्हाला "सर" म्हणायचं असा आपला नियम होता. त्या दिवशी सांगताना तुमचा आवाज बदलला होता, आणि मी मागच्या बाकावरून मनात "बाबा" म्हटलं होतं. मी काही नवीन करत नाहीये.

मंगळसूत्राचं विचाराल, तर ते मी घातलेलं नाही. ते आम्हा दोघांचं होतं. तुटलेले मणी लेकीनं वेचून कंपासपेटीत ठेवले होते, मला वर्षभरानं सापडले. आता कपाटात आहेत. पण कुंकू मला लग्नात मिळालेलं नाही गं आई. शाळेत जाताना तू अंगठ्यानं लावायचीस आणि लाल बोट पदराला पुसायचीस. तुझ्या सगळ्या पातळांना पदराच्या एकाच कोपऱ्यावर डाग असायचा. तापात पडले की मी तो कोपरा मुठीत धरून झोपायचे. ते माझं आहे, आणि हे असते तर तेही हेच म्हणाले असते. दोन वर्षं मी आरशासमोर उभी राहून लोकांना पटेल असा चेहरा करून घराबाहेर पडले. आता होत नाही माझ्याच्यानं.

लग्नात तुम्हाला अवघड होईल असं मी काही करणार नाही. औक्षणाला, ओटी भरायला मी आपणहून पुढे येणार नाही. वहिनीनं बोलावलं तर मात्र मागेही सरणार नाही. व्याह्यांकडच्या कुणी विचारलं, तर माझ्याकडे पाठवून द्या, मी नीट, गोड बोलेन. फक्त मला माजघरात बसवू नका. अक्काआत्याला जिलबीचं ताट आत मीच नेऊन दिलं होतं. ती काय म्हणाली होती, ते आईला माहीत आहे.

माझी काळजी करू नका. जेवण वेळेवर होतं, सासूबाई मला वाढल्याशिवाय स्वतः बसत नाहीत. झोप लागते. वारसनोंद होऊन सातबाऱ्यावर माझं, लेकीचं आणि सासूबाईंचं नाव लागलंय. रात्री अंगणात दिवा असतो, शेजारचे काका दोनदा हाक मारतात. गावात दोनचार जण कुजबुजतात, पण दाराशी येऊन कुणी काही बोललेलं नाही. लेक शाळेतून आली त्या संक्रांतीच्या दिवशी, माझ्याकडे बघून नुसती "आई" म्हणाली आणि दप्तर न काढताच मांडीवर येऊन बसली. नववीतली मुलगी.

आता माझं ऐका. बाबांची बीपीची गोळी सकाळी, चहाच्या आधी नव्हे, नाश्ता झाल्यावर. डॉक्टरांनी सांगितलंय आणि मी दादासमोर लिहून दिलंय. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करायची नाही. मोतीबिंदूचं लग्नानंतर बघू असं म्हणू नका, निदान तपासून तरी या. आई, गुडघ्याला पट्टा बांधून कामाला लागायचं हे आता चालणार नाही. लाडू, चिवडा मी आल्यावर सगळ्या मिळून करू. न्हाणीत रबरी चटई टाकलीत का? मागच्या वेळी ती कपाटावर गुंडाळून ठेवलेली होती.

आणि एक. दादाला सांगा, पत्रिका छापायला जायच्या आधी एकदा मला वाचून दाखव म्हणावं. मोठ्या काकांकडच्या पत्रिकेत माझ्या नावामागे "गं. भा." छापलं होतं. नुसतं नाव पुरे.

तुमची,
बाळी

ता. क. आई, मी येईन तेव्हा कपाळ मोकळं ठेवून येईन. देवघरातल्या तुझ्या करंड्यातलं तू लाव, अंगठ्यानं. सगळ्यांसमोर नको वाटलं, तर आत नेऊन लाव.