कसाऱ्याला भेटलेल्या काका-काकूंचे आभार

गेल्या पावसाळ्यात सासूबाई आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन मुंबईहून नागपूरला निघालो असता घाटात दरड कोसळल्याने आमची गाडी कसारा स्थानकात पाच तास थांबली. उकाडा, संपत आलेले पाणी आणि मुलीचे रडणे यांमुळे माझा धीर सुटला व मी तिच्यावर ओरडलो. त्या वेळी समोरच्या बर्थवरील वयस्कर काकांनी मला एका शब्दानेही न दुखावता तिला खिडकीशी बसवून घेतले. इगतपुरीपर्यंतचा चढ इतका तीव्र आहे, की ३७ मीटर पुढे जाताना गाडी १ मीटर वर चढते, म्हणून तिला मागून ढकलण्यासाठी बँकर इंजिने जोडतात, हे त्यांनी जेवणाचे डबे एकामागे एक मांडून तिला समजावले. सासूबाईंना मधुमेह असल्याचे कळताच काकूंनी आपल्या शिदोरीतील भाकरी-पिठले त्यांना वाढले. उरलेली एकच भाकरी त्या दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली, हे मी पाहिले आणि ते अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. अखेर मागून इंजिनाचा धक्का बसला, तेव्हा मुलीने टाळ्या वाजवल्या.

पहाटे जळगावला आपण उतरलात, तेव्हा आम्ही झोपेत होतो आणि नाव विचारायचे राहूनच गेले. काका, काकू, आपले मनःपूर्वक आभार.