मॉसला औषध नको, वारा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एप्रिल उजाडला की इंदूरमधल्या घरोघरच्या फिश टँकमधले जावा मॉस (शोभेची नाजूक पाणवनस्पती) तपकिरी पडू लागते आणि दुकानातून एक बाटली हमखास घरी येते. शेवाळ मारायचे औषध, नाहीतर पाणवनस्पतींसाठी विकले जाणारे ‘लिक्विड कार्बन’. उरलेसुरले मॉस बहुधा तीच संपवते. अशा बाटल्यांत बऱ्याचदा तांबे किंवा ग्लुटारल्डिहाइड असते. मॉसला खरी मुळे नसतात, ते सगळे काही कोवळ्या पानांतूनच शोषते. त्यामुळे जाड पानांच्या झाडांना जी मात्रा सोसते, तिने मॉस जळते. तांब्याने शोभेच्या कोळंब्याही मरतात.

मूळ दुखणे उष्णतेचे आहे. हे मॉस २० ते २४ अंशांत खुलते. २८च्या पुढे वाढ खुंटते आणि पाणी आठवडाभर ३२ अंशांवर राहिले, तर दाट गुच्छ आतून सडू लागतो. उपाय स्वस्त आहे. टाकीचे झाकण काढून एक छोटा पंखा असा बसवावा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरका जाईल. माळव्यातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी, की कूलरसारखे काम होऊन पाणी दोन ते चार अंशांनी उतरते. पाणी रोज आटेल. ती भर आरओच्या पाण्याने घालावी, कारण वाफ नुसत्या पाण्याची होते, क्षार टाकीतच राहतात. आरओतून वाया जाणारे पाणी ‘फुकट कशाला घालवा’ म्हणून माशांना घालणारे पुष्कळ आहेत. ते नळाच्या पाण्याहूनही जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते, ते फरशी पुसायलाच ठेवावे. बर्फाच्या बाटल्याही सोडू नयेत. पाणी झटक्यात गार-गरम झाले की मासे आजारी पडतात.

लावतानाची चूक नेहमीचीच: मूठभर मॉस दगडाला गच्च गुंडाळणे. आतल्या थराला उजेड मिळत नाही, तो कुजतो आणि महिन्याभरात अख्खी गादी सुटून तरंगते. मॉस कात्रीने सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर कापून, खालचा दगड दिसत राहील इतके विरळ पसरावे. सुती दोरा काही आठवड्यांत कुजतो आणि जावा मॉसची पकड कच्ची, तेव्हा मासेमारीचा बारीक नायलॉन धागा बरा. दोन फुटी टाकीला दहा-बारा वॉटचा एलईडी सहा तास पुरे. त्याहून जास्त उजेड दिला की केसाळ शेवाळ मॉसमध्ये गुंतते. ते जुना टूथब्रश गोल फिरवत ओढून काढावे. फारच गुंतले असेल तर तेवढा भाग कापून टाकावा.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नर्मदेच्या नळाच्या पाण्यात आधी अँटिक्लोरीन टाकावे. त्याच वेळी मॉसमध्ये अडकलेली घाण पिचकारीने उडवून नळीने ओढून घ्यावी, कारण त्या घाणीखालीच मॉस काळे पडते. गोल्डफिश असेल तर मॉसचा नाद सोडावा, तो उपटून खातो.

तीन-चार सेंटीमीटर वाढले की छाटणी करावी. आधी फिल्टर बंद करावा, नाहीतर तुकडे स्पंजात शिरतात. छाटलेले मॉस सिरपूर तलावात किंवा यशवंत सागरात सोडू नये. दोन्ही २०२२ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतल्या पाणथळ जागा आहेत आणि टाकीतल्या गोगलगायी, त्यांची अंडी मॉसबरोबर तिथे पोहोचतात. उन्हात कडकडीत वाळवून ते ओल्या कचऱ्याच्या गाडीत द्यावे.

– एक वाचक, लोकमान्य नगर, इंदूर