छत्री कौलांवरून अंगणात आणणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीकडच्या डोंगरउतारावरच्या घरांना तुम्ही दूरदर्शनच्या मोफत उपग्रह-सेवेच्या, म्हणजे फ्री डिशच्या, छत्र्या कौलांवरून उतरवून अंगणात लावून दिल्यात, आणि आम्हा वायरिंगवाल्यांना त्यामागचं कारणही उलगडून सांगितलंत. मनापासून आभार. इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत.

उंचीचा सोस जुन्या अँटेनाच्या काळातला. तेव्हा लाटा मनोऱ्यावरून आडव्या यायच्या. डोंगर आड आला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. दूरदर्शनचं ते प्रक्षेपण 2022 पर्यंत जवळपास सगळीकडे बंद झालं, सवय मात्र राहिली. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-15 हा विषुववृत्तावर 93.5 अंश पूर्व रेखांशाला आहे. रत्नागिरीतून तो आग्नेयेला, होकायंत्रावर 128 अंशांच्या आसपास आणि क्षितिजापासून सुमारे 59 अंश वर. इतक्या चढ्या कोनात छप्परभर उंचीने काही पदरात पडत नाही. तेवढ्या दिशेला आभाळ मोकळं हवं, बस्स. 10 फुटांवरचं झाड छत्रीच्या पातळीपेक्षा 16 फूट उंच असलं तरी चालतं. त्याहून वर गेलेली फणसाची फांदी नडते.

जागा हेरायची तुमची खूण तर लाखमोलाची. 13 मार्चच्या आगेमागे सकाळी सव्वाअकराला, नाहीतर 1 ऑक्टोबरच्या आगेमागे अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना, सूर्य उपग्रहाच्या बरोबर मागे येतो. त्या वेळी अंगणात जिथे ऊन, तिथे छत्री. (त्याच दिवसांत त्याच सुमारास काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नाही. कृपा करून कुणी पाना हातात घेऊ नये.)

छत्रीच्या पाइपला दोन्ही बाजूंनी ओळंबा लावायचा तुमचा हट्ट सुरुवातीला अती वाटतो. पण पाइप कलला असेल तर छत्री डावी-उजवी फिरवताना तिचा वरचा कोनही बदलत जातो आणि माणूस आभाळ चाचपत बसतो. 60 सेंटिमीटरची छत्री दीड अंश चुकली की निम्मी ताकद गेली. म्हणून केसभर हलवायचं, टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सने सिग्नल पकडेपर्यंत दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुन्हा केसभर. पडद्यावरच्या दोन पट्ट्यांपैकी बघायचं ते ‘क्वालिटी’कडे; ‘स्ट्रेंथ’ नुसता एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसवलेला, सिग्नल पकडणारा डबा) जोडला तरी वर चढते. कोन नजरेने धरू नये, ब्रॅकेटवरच्या आकड्यांवर धरावा, कारण एलएनबी खालच्या बाजूला असल्याने छत्री दिसायला बरीच खाली बघते. शेवटी एलएनबी चिमट्यात सावकाश फिरवून क्वालिटी आणखी वाढते का पाहायचं. नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकच गच्च केला की छत्री सरकलीच.

निम्मे चॅनेल दिसतात, निम्मे नाहीत, ही तक्रार आली की आम्ही आता आधी जोड उघडतो. बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट देऊन उभ्या-आडव्या लहरी निवडतो. हलकी, लांब वायर किंवा हिरवा पडलेला जोड मध्ये व्होल्ट खातो. आरजी-6 वायर (छत्रीपासून बॉक्सपर्यंतची गोल केबल) सोलताना जाळीचा एक तंतू जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. एलएनबीजवळच्या जोडाला रबरी टेप, आणि घरात शिरण्याआधी वायरला खाली झोल, म्हणजे पाणी तिथेच ठिबकतं.

आषाढातल्या झोडपणाऱ्या सरीत चित्र थोडा वेळ जाणारच. कुणाला तेही चालत नसेल तर 90 सेंटिमीटरची छत्री लावावी, ती सव्वादोनपट सिग्नल गोळा करते. आमच्या मते बातम्यांपुरत्या टीव्हीला तो खर्च वायफळ आहे.

एलएनबीच्या तोंडावर कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेही तुम्हीच दाखवलंत. छत्री हाताशी असल्याने आता घरचंच कुणीतरी ओल्या फडक्याने ते पुसून काढतं, कौलांवर चढावं लागत नाही.

आपले,
उतारावरच्या वाडीतले वायरिंगवाले