मंत्रीसाहेब, चित्रकलेच्या तासाला नेमकं काय शिकवायचं?

मा. शालेय शिक्षण मंत्री साहेब,

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाच्या मागं राहते, घरी ड्रॉईंगचे क्लास घेते. वडील चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे, म्हणजे चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून नक्षी बसवायची, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची, ती जेकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षी उचलणाऱ्या यंत्रावर, चढली की मागावर मोर उतरायचा. एक घर चुकलं की मोराची मान वाकडी, आणि तीच वाकडी मान प्रत्येक चादरीवर, त्यामुळं आमच्या घरी ‘नीट बघ’ हा शब्द जेवणाआधी यायचा.

आता मुद्द्याचं. मागच्या आठवड्यात क्लासचा एक मुलगा शाळेचं प्रोजेक्ट दाखवायला आला, विषय ‘टाकाऊपासून टिकाऊ’. मी खूश झाले, बघते तर दुकानातलं किट! नव्या कोऱ्या आइस्क्रीमच्या काड्या, रंगवलेल्या, चिकटवायचा टेप सोबत, दीडशे रुपये. घरात काही टाकाऊ नव्हतं का रे म्हटलं तर त्याची आईच म्हणाली, मॅडम, घरच्याला फिनिशिंग येत नाही ओ. शाळेनं मार्क पण भरपूर दिले. कचरासुद्धा विकत आणायची वेळ आली, साहेब.

ज्याँ बोद्रियार नावाचा एक फ्रेंच विचारवंत होता, त्यानं १९८१ च्या पुस्तकात मांडलंय की पुढं पुढं नक्कलच एवढी होते की तिच्यामागं मूळ वस्तू उरतच नाही. कॉलेजात वाचलं तेव्हा डोक्यावरून गेलं होतं, ते किट बघून कळलं. आमच्याकडं तर मूळ वस्तू जिवंत असताना हे चाललंय. सोलापुरी चादरीला जीआय आहे, म्हणजे हे नाव इथल्याच मालाला असा सरकारी शिक्का, तरी पानिपतचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो, आमच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत, कुणालाही विचारा. गिऱ्हाईक वीण बघत नाही, लेबल बघतं. आणि बघणार कसं, बघायला शिकवलंय कुणी?

शाळेत तर ड्रॉईंगचा तास म्हणजे गणितवाल्या सरांचा हक्काचा जादा तास. उरल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, ड्रॉईंगच्या सरकारी परीक्षा. इंटरला ए ग्रेड आली की दहावीला ७ मार्क, बी ला ५, सी ला ३, आणि क्लासला गर्दी होते ती त्या सातासाठी. स्मरणचित्र पण पाठ करतात पोरं! छत्रीवाला माणूस, टोपलीवाली बाई, मागं एक झाड, विषय बाजार असो नाहीतर जत्रा असो, तीच मंडळी हजर. जानेवारीत गड्ड्यावर, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, चार-चार वेळा जाऊन आलेलं पोरगं जत्रा काढताना मिरवणुकीतला उंच नंदीध्वज काढत नाही, कारण तो पाठ केलेल्यात नाही. मी पण हेच शिकवते, खोटं कशाला बोलू, माझं घर त्याच्यावरच चालतं.

अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानं १९६२ साली सुपाच्या डब्यांची ३२ चित्रं मांडली, लोक हसले. पण तो आधी जाहिरातींची चित्रं काढायचा, लेबल कसं गळाला लावतं हे त्याला आतून माहीत. आमच्या पोरांना दिवसभर मोबाईलवर लेबलंच दिसतात, मग एखादं पाकीट समोर ठेवून विचारा ना त्यांना, हा लालच रंग का घेतला, अक्षर एवढं जाड का, फोटोतला पदार्थ आत आहे का. याला मटेरियल शून्य रुपयाचं लागतं. लागतो तो शिकवणारा माणूस, पूर्ण वेळचा, आणि गणिताला न दिलेला तास.

म्हणून मागणी दोनच. कलाशिक्षकांच्या रिकाम्या जागा भरा, आणि संकल्पचित्राच्या, म्हणजे नक्षीच्या, पेपराआधी सोलापूरच्या प्रत्येक पोराला एकदा तरी मागासमोर उभं करा, तेवढा एक जीआर काढा. माग अजून चालू आहेत तोवर काढा म्हणजे झालं.

वडिलांचा मोराचा एक ग्राफ कपाटात आहे, कडा वाळवीनं खाल्ल्यात. सोलापूरला दौरा असला की या, दाखवते, मान कुठं चुकली होती ते पण दाखवते.

आपली,
एक ड्रॉईंग टीचर, सोलापूर