ॲम्प जळलाच नव्हता! काकांना जाहीर आभारपत्र

सप्रेम नमस्कार काका,

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पुढचं बोल" म्हणून विषयच मोडीत काढता. म्हणून हे जाहीर पत्र. डिकीतला ॲम्प्लिफायर ऐन रंगात येऊन बंद पडणारे माझ्यासारखे आणखीही असणारच, त्यांनीही वाचावं.

दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. हळू आवाजात सगळं झकास. आवाज वाढवला आणि ढोलाचा एक दणका आला, की वूफर (बेसचा मोठा स्पीकर) गप्प आणि ॲम्पवर प्रोटेक्टचा, म्हणजे बिघाड दिसल्यावर स्वतःला वाचवायला बंद पडल्याचा, लाल दिवा. ज्याने फिटिंग केलं त्याने फ्यूज बदलून पाहिला आणि निकाल देऊन टाकला: ॲम्प गेला, नवा घ्या. अर्थिंग, म्हणजे ॲम्पची मायनस वायर गाडीच्या बॉडीला जोडतात तो जोड, तपासलं का, असं विचारल्यावर त्याने मीटर बझरवर (जोड सापडला की वाजतो तो) लावून पीं करून दाखवलं. झालं, अर्थिंग ठीक!

तुम्ही आलात आणि आधी आरसीए केबल (स्टिरिओकडून ॲम्पला गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या) उपसल्या, मग वूफरच्या वायरी. काहीच जोडलेलं नसताना लाल दिवा लागेना, म्हणजे ॲम्प आतून शॉर्ट नाही. मग वूफरच्या दोन कॉइलपैकी एक मोजली. लिहिलेलं ४ ओहम आणि मीटर दाखवतोय साडेतीन. मी लगेच धास्तावले. "मीटर डीसीवर मोजतो, थोडं कमीच दिसणार. शून्याच्या आसपास आला असता तर घाबरायचं," तुम्ही म्हणालात. दुसरी कॉइलही तेवढीच भरली. दोन्ही पॅरलल जोडल्या की २ ओहम होतात आणि ॲम्पला २ ओहम चालतात, हे त्याच्या अंगावरच छापलेलं होतं. वूफर निर्दोष सुटला.

पुढचं मी जन्मात विसरणार नाही. इंजिन चालू ठेवून तुम्ही ५० हर्ट्झचा सलग सूर लावायला सांगितलात, कारण गाण्यावर मीटरचा आकडा नाचत राहतो. दिवा लागायच्या जरा अलीकडे आवाज वाढवणं थांबवलं, सूर चालूच ठेवला आणि प्रोब माझ्या हातात दिलेत. बॅटरीवर १३.६ व्होल्ट. डिकीत ॲम्पच्या टर्मिनलवर १०.१. मधले साडेतीन व्होल्ट गेले कुठे? एका प्रोबला लांब वायर जोडून बॅटरीच्या प्लसपासून ॲम्पच्या प्लसपर्यंत मोजलं: ०.४. मग मायनसपासून मायनसपर्यंत: ३.१! चोर अर्थिंगमध्ये होता.

"आता त्या बोल्टला बोट लाव," तुम्ही म्हणालात. लावलं आणि झटकन मागे घेतलं. मागच्या सीटच्या बोल्टखाली, रंगाच्या थरावरच अर्थिंगच्या वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी) आवळलेलं होतं. मग हिशेब मांडलात: ४० अँपिअर धरले तर ३.१ व्होल्ट पडायला जेमतेम ०.०८ ओहम पुरतात, आणि त्या सांध्यात सव्वाशे वॅट नुसते उष्णतेत जातात. साध्या मीटरला ओहमवर ०.०८ धड दिसतच नाही. बझर तर काही ओहम असले तरी खुशाल वाजतो, त्याला एखादी तार टेकलेली पुरते. जोड खरा की खोटा हे लोड टाकल्यावरच, म्हणजे त्यातून जोरात करंट वाहतानाच, कळतं. बझर वाजवून अर्थिंग "पास" करणाऱ्यांच्या हातून मीटर काढून घ्यावा, असं माझं आता स्पष्ट मत आहे. तुम्ही मात्र त्या फिटरबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

जवळच बॉडीचा जाड पत्रा बघून, मागे पेट्रोलची नळी किंवा टाकी नाही याची खात्री करून, रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलंत. दातेरी वॉशर, नवं थिंबल, प्लसइतकीच जाड आणि अर्ध्या मीटरच्या आतली वायर, आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस. पुन्हा मोजलं तर मायनसची पडझड ०.१. ॲम्प तोच, वूफर तोच, आणि बेस असा की आरसा थरथरला.

गाडीला रेस दिली की स्पीकरमधून एक शिट्टी यायची, तीही निम्मी तिथेच गेली. उरलेली, आरसीए केबल पॉवर केबलपासून सोडवून दुसऱ्या बाजूने नेल्यावर गेली. ॲम्पवरचा गेन (येणारा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारा खटका) सुद्धा अंदाजाने नाही, मीटरवर लावलात. ॲम्पचे ३०० वॅट आणि २ ओहम म्हणजे साधारण २४.५ व्होल्ट एसी, वूफर काढून ॲम्पच्या आउटपुटवर मीटर तेवढा दाखवेपर्यंत.

पण सगळ्यात मोठे आभार न विचारता केलेल्या कामाचे. मेन फ्यूज डिकीत ॲम्पशेजारी होता. म्हणजे बॅटरीपासून तिथपर्यंतच्या अख्ख्या केबलला फ्यूजचं संरक्षणच नाही. कार्पेटखाली कुठे घासून बॉडीला टेकली असती तर फ्यूज जागचा हललाही नसता आणि केबलने पेट घेतला असता. तुम्ही तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर आणून बसवलात आणि "हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो," एवढंच बोललात. यासाठी मनापासून धन्यवाद, काका.

तुमची,
शेजारीण

ता. क. : मोठ्या आवाजात मागून येणारी खडखड वूफरची नव्हती, नंबर प्लेटची निघाली. मागे फोमची पट्टी चिकटवली. मीटर रविवारी आणून देते, त्यात नवी ९ व्होल्टची बॅटरी घातली आहे.