खाडे लिहिता, मग जादा तासही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गौरी-गणपती किंवा दिवाळी आली की घरकाम करणाऱ्या बायकांचे काम दुपटीने वाढते. एरवी सहाला सुटणारी बाई पाहुण्यांची भांडी, ओटा, फरशी उरकत रात्री नऊपर्यंत अडकते. त्याचे पैसे? उरलेल्या पुरणपोळ्या, एखादी साडी, फार तर हातावर ठेवलेली शंभराची नोट. तिचे खाडे मात्र कॅलेंडरवर तारखेनिशी लिहिलेले असतात आणि ठरल्यापेक्षा जास्त झाले की पगार कापला जातो. जादा थांबलेले तास कोणीच लिहीत नाही. हा उघड अन्याय आहे.

हिशेब अजिबात अवघड नाही. समजा, रोज आठ तास काम, आठवड्याला एक सुट्टी आणि पगार 15,600 रुपये. कामाचे दिवस 26 धरले की रोजचे 600, म्हणजे तासाचे 75 रुपये होतात. जादा तासाला त्याच्या दुप्पट, 150. तीन तास थांबली तर 450 रुपये. अनेक जण पगाराला 30 ने भागतात, मग तासाला 65 च येतात. सुट्टीचे दिवसही कामाचे धरल्याने तिचे नुकसान होते. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही महिना 26 दिवसांचाच धरतात.

दुप्पट कशाला, असे विचारणारे भेटतात. कारखान्यातल्या कामगाराला कायद्याने जादा कामाचा दुप्पट दर मिळतो, मग घरात राबणारीने काय घोडे मारले आहे? शिवाय चार घरे धरणारी बाई आपल्याकडे तासभर जास्त थांबली की पुढच्या घरी बोलणी खाते, कधी ते कामही जाते. ‘दिवाळीला एक पगार जास्त देतोच की,’ हे उत्तर मला पटत नाही. तो बोनस झाला. तासांची मजुरी वेगळी.

घरातच राहून काम करणाऱ्यांचे हाल तर विचारू नका. आजारी आजीसाठी रात्रीतून तीनदा उठणारी बाई ‘झोपलेलीच तर असते’ म्हणून हिशेबात येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 2011 च्या घरकामगार करारात बोलावणे येईल म्हणून थांबण्याच्या वेळेचाही विचार केला आहे. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही.

महाराष्ट्राचा 2008 चा घरेलू कामगार कायदा कल्याण मंडळापुरता आहे. कामाचे तास आणि जादा दर त्यात नाहीत. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करायला केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. राज्याने त्यासाठी थांबू नये, तास आणि दर आताच ठरवून द्यावेत. तोवर आपण काम ठरवतानाच सुटायची वेळ आणि जादा तासाचा दर बाईशी बोलून घ्यावा आणि ते पैसे पगारासोबत, पण वेगळे मोजून द्यावेत.

— एक वाचक, पुणे