आधी विमान वर, चर्चा नंतर

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

काठमांडूला ढगातून उतरताना ‘टेरेन, पुल अप’ (पुढे जमीन आहे, वर घ्या) असा इशारा वाजला, कॅप्टननी तत्क्षणी विमान वर घेतलं, आणि को-पायलट म्हणून शेजारी बसलेल्या तुला ‘आपण मार्गावरच होतो, उगाच फेरी पडली’ असं वाटत राहिलंय. प्रवासीही वैतागले म्हणतेस. वैतागू देत. लख्ख उजेडात डोंगर दिसतोय आणि धोका नाही याची खात्री आहे, तर गोष्ट वेगळी. ढगात त्या आवाजाशी हुज्जत घालायची नसते.

मी विमान कधी चालवलं नाही, पण एव्हिऑनिक्सच्या, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या, वर्कशॉपमध्ये जमीन जवळ आल्याचा इशारा देणारी ही यंत्रणा जवळून पाहिली आहे. जुनी यंत्रणा फक्त खाली बघायची. रेडिओ अल्टिमीटरची लहर जमिनीवरून परत आली की उंची कळायची. समोर सरळसोट कडा असला तर इशारा उशिरा यायचा. खोटे इशारेही फार, म्हणून जुने कॅप्टन तिला नावं ठेवायचे. पुढे डॉन बेटमन या कॅनेडियन इंजिनिअरच्या चमूने तिच्यात जमिनीच्या चढउतारांचा नकाशा भरला. तेव्हापासून ती समोरचंही बघते.

तरी माणूस तो माणूसच. २०१२ मध्ये इंडोनेशियात सलाक डोंगरावर सुखोई सुपरजेट आदळलं, ४५ जण गेले. इशारा ३८ सेकंद आधी आला होता. नकाशातच गडबड असणार असं समजून तो बंद केला गेला! पहिल्या २४ सेकंदांत वर घेतलं असतं तरी वाचले असते, असं चौकशीत निघालं.

पण मला जास्त छळतं ते कोलंबियातलं काली. २० डिसेंबर १९९५, अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७, रात्रीची वेळ. मार्ग चुकून विमान दरीच्या बाजूच्या डोंगरांत शिरलं होतं. इशारा झाल्यावर त्यांनी अजिबात वेळ दवडला नाही: पूर्ण पॉवर दिली, नाक वर केलं. फक्त लवकर खाली येण्यासाठी उघडलेले स्पीडब्रेक, म्हणजे पंखांवरच्या हवा अडवणाऱ्या फळ्या, उघडेच राहिले. १५९ माणसं गेली. स्पीडब्रेक लगेच मिटले असते तर कदाचित डोंगर ओलांडला असता.

तुझं काम इथंच आहे. कॅप्टन नाक वर करत असताना त्यांची नजर एका गोष्टीवर खिळलेली असणार. पॉवर पूर्ण आहे ना, स्पीडब्रेक आत आहेत ना, हे तू बघायचं आणि रेडिओ अल्टिमीटरचा आकडा मोठ्याने सांगत राहायचं. डोंगर पार होईपर्यंत फ्लॅप (पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आणि चाकांना हात नाही. समोरचा कितीही सीनियर असो, ‘सर, जरा बघता का’ असली गुळमुळीत भाषा तिथे नको.

इशारा का आला ते इंजिनिअर शोधतील, पण तुम्ही लिहून दिलं तरच. रिपोर्ट भरलात का? नसेल तर आजच भरा, आणि कॅप्टनना माझा नमस्कार सांग.

तुझा,
बाबा